सुईची गाळलेली स्लाइड

हे मी आजवर एकाही माणसापाशी बोललेले नाही. आणि मी काही अबोल बाई नव्हे — माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. वर्गात बोलते, घरी बोलते, भाजीवाल्याशी पंजाबीत बोलते (माझी पंजाबी ऐकून तो दोन मिरच्या जास्तच टाकतो, बहुधा कीव येऊन). पण या एका गोष्टीबाबत मात्र इतकी वर्षं मूग गिळून बसले. नवऱ्यालाही सांगितली नाही. का? — थांबा, आधी मोटारीबद्दल सांगू द्या. मोटार कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही. आणि खरं सांगू? मोटारीबद्दल बोलायला मला कधीही, कुठेही आवडतं.

मी चंदीगडला एका विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तुमच्या आतड्यात आत्ता, हे वाचताना, जे जीवाणू आहेत ना, त्यांतल्या कित्येकांना मागे शेपटी असते. कुत्र्यासारखी हलवायची नव्हे — फिरवायची! आणि त्या शेपटीच्या बुडाशी, पेशीच्या कातडीत, बसवलेली असते एक मोटार. मोटार हा शब्द मी लाडाने वापरत नाहीये. फिरणारा भाग आहे. न फिरणारा भाग आहे. दांडा आहे, दांड्याभोवती कड्या आहेत, वाकूनही फिरत राहणारा सांधा आहे आणि त्या सांध्याला जोडलेलं ते लांबलचक शेपूट — पंखाच म्हणा. सेकंदाला शेकडो फेरे! आणि चालते कशावर? डिझेल नाही, वीज नाही — बाहेरून आत घुसणाऱ्या प्रोटॉनच्या धारेवर, पाणचक्की पाण्यावर चालावी तशी. मनात आलं की उलटीही फिरते. म्हणजे जीवाणूला मन नसतं, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

ही मोटार साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, फार बारीक. पण एक गंमत करता येते. शेपटी काचेला चिकटवून टाकायची. मग शेपटी फिरू शकत नाही — आणि अख्खा जीवाणूच गरगर फिरायला लागतो! फिरतो, फिरतो, थबकतो, उलटा फिरतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा 'अगं बाई गं!' असं मोठ्याने ओरडले होते. बाहेरचा शिपाई धावत आला, त्याला वाटलं ॲसिड सांडलं. त्या दिवसापासून मी या मोटारीची झाले. माझं काम तेच, माझं कौतुक तेच, आणि माझं पापही तिथलंच.

आता युक्तिवाद ऐका. या मोटारीतला एक भाग काढा — मोटार बंद. कडी काढा, बंद. सांधा काढा, बंद. मग ती थोडीथोडी करत कशी बनली असेल? अर्धी मोटार कोणाच्या काय कामाची? म्हणजे ती कोणीतरी आखून, विचार करून, एकदमच बनवली असणार. जगभर पुष्कळ लोक असं म्हणतात, आणि ते काही मूर्ख नाहीत. ऐकताक्षणी पटतं. कॉलेजात असताना मलाही पटलं होतं.

फक्त, अर्धी मोटार कामाची असते. हीच तर खरी गंमत! प्लेगसारख्या रोगांच्या जीवाणूंकडे एक सुई असते, आपल्या पेशींत विष टोचायची. आणि त्या सुईचा पाया उघडून पाहिला तर — ओळखीचे चेहरे! मोटारीच्या पायातले कितीतरी भाग तिथे, त्याच घडणीचे, पण काम भलतंच. पंखा नाही, फिरणं नाही, तरी यंत्र मजेत चालू. मोटार ढकलणाऱ्या भागांचेही भाऊबंद सापडतात, दुसऱ्याच यंत्रांत, दुसऱ्याच कामाला जुंपलेले. सुई आधी की मोटार आधी, यावर अजून भांडणं आहेत. बहुतेकांना मोटारच थोरली वाटते. सगळं कळलंय असं मी म्हणणार नाही. पण 'एक भाग काढला की सगळं निकामी' हे काही खरं नाही. उत्तराचा मोठा तुकडा हातात आहे आणि बाकीचा शोधणं चालू आहे. मला सांगा, यापेक्षा रंगतदार गोष्ट असते का?

आणि हीच गोष्ट मी गाळली.

इथे मराठी माणसं मूठभर. फौजेतली, एअरफोर्समधली, दवाखान्यातले डॉक्टर, आमच्यासारखे मास्तर. गणेशोत्सवात मंडळाचा गणपती एका सेक्टरातल्या कम्युनिटी सेंटरात बसतो, आणि रोज संध्याकाळी आरतीआधी कोणाचं गाणं, कोणाचं नाटुकलं, कोणाचं व्याख्यान. एका वर्षी पाळी माझ्यावर आली. मी मोटारीवर बोलले. लोक बेहद्द खूश! मी हवेत. आणि ऐन रंगात मंडळाच्या सेक्रेटरी वहिनींनी घड्याळ दाखवलं. दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, त्याआधी आरती झालीच पाहिजे, हा इथला नियम. माझी एकच स्लाइड उरली होती — सुईची. मी ती सोडली. 'अशी ही मोटार,' मी म्हणाले, 'आता सांगा, हिचा कारागीर कोण?' — आणि गणपतीकडे वळून हात जोडले. काय योग जुळावा! त्याच क्षणी झांजा सुरू झाल्या. माझ्या अंगावर काटा आला, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक आजी तर माझ्या पाया पडायला वाकल्या, मी मागे सरकले.

त्या दिवशीचा दोष मी स्वतःला देत नाही. वेळ खरंच नव्हता. पण पुढच्या वेळी? पंचकुल्याला बोलावलं, मोहालीच्या सोसायट्यांनी बोलावलं, छावणीत अधिकाऱ्यांच्या बायकांनी बोलावलं. तिथे वेळ होता की. तिथे मी काय केलं? सुई गाळली, 'कारागीर कोण?' ठेवलं. लोक मला 'मोटारवाल्या मॅडम' म्हणायला लागले. मी हरभऱ्याच्या झाडावर अशी चढले, की उतरायचं नावच नको.

तुम्ही म्हणाल, देव मानता म्हणून केलंत. नाही हो. देव मी मानते, घरी दीड दिवसाचा गणपती मीच बसवते, आणि सुईची स्लाइड दाखवून गणपतीचं काही बिघडणार नव्हतं. कारागीर आहे असं म्हणणं हा माझा विश्वास झाला असता. 'विज्ञानाकडे याला काहीच उत्तर नाही' असं म्हणणं हे खोटं होतं. आणि ते मी म्हणाले. एकदा नाही.

ते कोणाला म्हणाले, ते सांगते.

निंबाळकर सर. कोल्हापूरचे, एअरफोर्समधून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले. सारं आयुष्य विमानांच्या इंजिनांत गेलेलं, आणि एरोसिटीत घर घेतलं तेही विमानतळ जवळ म्हणून. वरून विमान गेलं की बोलता बोलता थांबायचे, कान द्यायचे, आणि 'हां, ठीक आहे' म्हणून पुढे बोलायचे, जणू त्यांनी पास केल्याशिवाय ते उतरणारच नव्हतं. माझं व्याख्यान ऐकून दुसऱ्याच दिवशी हा माणूस माझ्या लॅबमध्ये हजर. मी त्यांना तो काचेला चिकटलेला जीवाणू दाखवला. ते सूक्ष्मदर्शकावरून उठेनातच! 'आयला, रिव्हर्स पण मारतंय की वो!' असं ओरडले, आणि मला हा माणूस तिथल्या तिथे आवडला. माझ्यासारखाच ओरडणारा कोणीतरी भेटला.

मग त्यांनी सरळ विचारलं. मॅडम, मी इंजिनवाला माणूस. आजवर एक इंजिन आपोआप झालेलं मी पाहिलं नाही. तुम्ही यातल्या. खरं सांगा — ही कशी बनली, याचं उत्तर कोणाकडे आहे का?

इतका स्वच्छ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि इतका लायक माणूसही दुसरा नव्हता. सुई दाखवली असती तर तो नाचला असता. इंजिनाचे भाग दुसऱ्या यंत्रात कामाला येतात, हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असतं? आणि इंजिन आपोआप का बनत नाही याचं उत्तरही होतं — इंजिनांना पोरं होत नाहीत, सर! जीवाणूंना होतात, अगणित होतात, प्रत्येक पिढीत किंचित वेगळी होतात, आणि ज्याचं निभतं ते टिकतं. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ना — मी त्या नजरेची भुकेली होते. मी म्हणाले, 'नाही सर. कोणाकडेच नाही.'

त्यांनी मला चक्क सॅल्यूट केला.

आणि आपली मुलगी माझ्या हवाली केली. रेवती. एमएस्सी करून ती पुढे काय करावं या विचारात होती. बाबांनी सांगितलं, याच मॅडमकडे संशोधन कर. ती आली. बदल्यांच्या गावी वाढलेली मुलगी, मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदी. हुशार, आणि बापासारखीच उतावळी. आल्या आल्या वाचत सुटली आणि थोड्याच दिवसांत माझ्या खोलीचं दार न वाजवता आत घुसली. 'मॅम, ये तो और भी कमाल है!' सुई सापडली होती तिला. खुर्चीवर बसेना, उभ्यानेच हातवारे करून मलाच सांगायला लागली. मीही उठले. आम्ही दोघी फळ्यासमोर खडू घेऊन मोटार खोलत होतो, जोडत होतो, हसत होतो. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात सुखाचा दिवस. हे मी आजही म्हणेन.

मग तिने सांगितलं, की रोज जेवताना बाबांशी वाद होतो. बाबा ऐकतच नाहीत, म्हणतात, तुझ्या मॅडमनी मला स्वतः सांगितलंय. त्या म्हणाल्या तर मानेन, नाहीतर नाही. आणि हे सांगून ती हसली, कारण तिला वाटत होतं, आता काय, सोपं आहे. बाबांना काहीतरी चुकीचं ऐकू आलं असेल. या गणपतीत मॅम बोलणारच आहेत, बाबा पहिल्या रांगेत असणारच आहेत. तिने माझ्यासाठी सुईची नवी स्लाइड केली. त्यात एक फोटो घातला होता, मोहालीपलीकडच्या खरड गावच्या रस्त्यावर धावणाऱ्या जुगाडाचा. पाण्याच्या पंपाचं इंजिन, जीपची चाकं, लाकडी फळ्या, वर माणसं आणि गवताचे भारे. कुठलाच भाग त्या गाडीसाठी बनलेला नाही, आणि गाडी तर पळतेय! बाबांना दुसरं काही नाही पटलं तरी हे पटेल, म्हणाली. मी म्हणाले, दाखवू. नक्की दाखवू.

'पक्का?' तिने विचारलं.

'पक्का,' मी म्हणाले.

आणि मला खरंच दाखवायची होती — असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. होती का? कोण जाणे.

सभागृह भरलेलं होतं. निंबाळकर सर पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा कुर्ता, शेजारी रेवती. मी बोलायला लागले आणि नेहमीसारखी रंगले. माणसं माझ्या मुठीत होती. जुगाडाची स्लाइड यायच्या आधी मी समोर पाहिलं. सगळे चेहरे वर झालेले, झांजा हातात घेऊन मंडळी तयार, 'कारागीर कोण?'ची वाट पाहणारे. त्यांना ते वाक्य पाठ होतं! आणि मी बटण दोनदा दाबलं. भरभर. जुगाड पडद्यावर क्षणभर चमकलं आणि गेलं.

रेवती उभी राहिली. रागाने नव्हे हो, मदत करायला. तिला वाटलं, चुकून पुढे गेली. 'मॅम, एक स्लाइड रह गई.' आणि मी स्लाइड मागे घेईना तेव्हा तिनेच लोकांना सांगायला सुरुवात केली, मोडक्यातोडक्या मराठीत, कारण समोर आजीआजोबा होते. सुई, तेच भाग, खरडचं जुगाड. लोक ऐकायला लागले. खरंच ऐकायला लागले! तेवढ्यात निंबाळकर सर बसल्या जागेवरून गरजले, 'अगं, पर जुगाडाला बी मिस्त्री लागतोयच की!'

सभागृह खदाखदा हसलं. उत्तर झकासच होतं, मीही हसले. रेवतीही हसली — आणि माझ्याकडे वळली. त्याला उत्तर आहे हे तिला माहीत होतं, आणि ते मला तिच्यापेक्षा चांगलं देता येईल हेही माहीत होतं. इथे मिस्त्रीचं काम पिढ्या करतात. एवढंच वाक्य. तिचे वडीलही माझ्याकडे बघत होते. 'बोला मॅडम,' म्हणाले, 'तुम्ही म्हणाल ते खरं.' त्यांनी शब्द पाळला असता. माझी खात्री आहे, त्या क्षणी मी बोलले असते तर त्यांनी सगळ्यांसमोर मानलं असतं, पोरीची पाठ थोपटली असती आणि घरी जाईपर्यंत तिला शंभर प्रश्न विचारले असते.

मी काय म्हणाले? मी माइक जवळ घेतला आणि गोड हसून म्हणाले, 'रेवती अजून नवीन आहे. हे सगळे अंदाज आहेत हो, सिद्ध काहीच नाही.' आणि गणपतीकडे वळून हात जोडले.

झांजा सुरू झाल्या. सरांनी लेकीच्या पाठीवर थाप मारली, 'बघ!' ती टाळ्या वाजवत होती, सगळ्यांबरोबर, तालात. माझ्याकडे पाहत होती. मला त्या नजरेत राग सापडला असता तर बरं झालं असतं. ती नुसती हिशेब लावत होती, की मॅडमना हे ठाऊक नाही, की ठाऊक असून…? आरती संपेपर्यंत तिला उत्तर मिळालेलं होतं. तिने रांगेत उभं राहून खिरापत घेतली, मला 'नमस्ते मॅम' म्हणाली आणि वडिलांची गाडी काढायला गेली.

ती मला सोडून गेली नाही. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल काहीतरी मोठं घडलं. तिने माझ्याकडेच काम पुरं केलं, उत्तम केलं, वेळेवर केलं. मी सांगेन ते केलं. फक्त दार वाजवून आत यायला लागली. आणि त्यानंतर तिने मला एकही प्रश्न विचारला नाही, म्हणजे कामाचे विचारले, ते नव्हे. ती आता पिंजौरकडच्या एका औषध कंपनीत आहे, गुणवत्ता तपासते, पगार बरा आहे. जीवाणूंची मोटार तिथे कोणाला लागत नाही. तिचा हात फळ्यावर कसा चालायचा ते मी पाहिलंय. त्या हाताने काय केलं असतं — नको, ते मी म्हणत नाही. एवढंच म्हणते, की संशोधन सोडून कंपनीत जाण्याविषयी ती माझ्याशी बोलली तेव्हा मी तिला थांबवलं नाही, आणि थांबवायला माझ्याकडे तोंडच नव्हतं.

बोलायची संधी नंतरही होती. सर तर मला दहा ठिकाणी भेटतात. आता तेच मोटारीवर व्याख्यान देतात, त्यांच्या सोसायटीत, निवृत्तांच्या क्लबात, आणि माझ्यापेक्षा छान देतात! दांडा कसा बसतो, कड्या कशाला, सगळं इंजिनवाल्याच्या भाषेत. मी एकदा मागे बसून ऐकलं, अंगावर रोमांच आले. शेवटी म्हणतात, 'याला कोणाकडेच उत्तर नाही. हे मी नाही, मोटारवाल्या मॅडम म्हणतात, आणि त्या आज इथे बसल्यात.' मला उभं राहायला लावतात. मी उभी राहते, नमस्कार करते आणि बसते.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज असा खुशीत, की मलाही खुशी वाटायला लागली. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, 'एक गंमत सांगू मॅडम? रेवती हल्ली घरी आली की मोटारीवरनं वाद घालीत नाही. पयलं कशी भांडायची! आता मी बोलतो, ती गप ऐकती, हो बाबा म्हणती. पटलं बघा तिला शेवटी.'

ते थांबले. माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

'पटलं असेल,' मी म्हणाले.

ते समाधानाने हसले. तिला कारागीर पटलेला नाही, वाद घालण्यात अर्थ नाही एवढं पटलंय, ते त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे, कारण ते मीच तिला पटवलं होतं.